परराष्ट्रशास्त्राचा जन्म दिल्लीत झालेला नाही

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची जन्मकथा आपल्या विद्यापीठांत एकाच चालीवर सांगितली जाते. १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला या विषयाचं पहिलं अध्यासन स्थापन झालं आणि आल्फ्रेड झिमर्न त्यावर नेमले गेले. भारतात १९४३ साली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स निघाली. १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं, ए. अप्पादोराई त्याचे पहिले संचालक झाले. १९७० मध्ये ती संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. या तारखा खऱ्या आहेत. त्यांच्या आधारे जे ठरवून टाकलं जातं ते मात्र मला मान्य नाही. ठरवलं असं जातं की हा विषय परका आहे, तो तयार होऊन इथे आला, दिल्लीत स्थिरावला, आणि १९४७ पूर्वीचं जे काही आहे ते इतिहासवाल्यांचं. सुरत, नाशिक किंवा जळगावच्या विद्यार्थ्याने तो शिकायचा तर दिल्लीला जावं, इंग्रजीत शिकावं. त्याच्या गावाशी या विषयाचा काही संबंध नाही.

या मताला उत्तर देण्यासाठी मी मुद्दाम कामरेज निवडलं आहे. सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर, तापीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. आज तिथून जाणाऱ्याला चौकडीवरची ट्रकची रांग, साड्यांच्या गाठोड्यांनी भरलेले टेम्पो आणि हिरे कारखान्यांकडे निघालेले कामगार दिसतात. चालुक्यांच्या ताम्रपटांत याच भागाला ‘कार्मणेय आहार’ म्हटलं आहे आणि ग्रीक प्रवासवर्णनातल्या एका किनारी गावाशी अभ्यासकांनी कामरेजचं नाव जोडलं आहे. पण इतकं मागे जाण्याची मला गरज नाही. माझा मुद्दा १ मे १९४९ पर्यंतच्या कामरेजवर उभा राहतो.

त्या तारखेपर्यंत कामरेज सुरत जिल्ह्यात नव्हतं. ते बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला एक महाल होतं. सुरत ब्रिटिशांची, कामरेज गायकवाडांचं. मधे डोंगर नाही, समुद्र नाही, भाषेचा फरक नाही. सपाट काळी जमीन, आणि तिच्यावरून जाणारी हद्द. ती हद्द ओलांडली की न्यायालय बदलायचं, अबकारी बदलायची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तर रुपयाही बदलायचा, कारण गायकवाडी मुलखात बाबाशाई नाणं चालत होतं. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, तेव्हा कामरेजच्या मुलाला शाळेत घालणं बापाला कायद्याने बंधनकारक झालं. हद्दीपलीकडच्या सुरतेच्या मुलासाठी असा कायदा नव्हता. त्यासाठी नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं, बडोद्याचा दाखला दिला, आणि पुढच्या वर्षी ते विधेयक फेटाळलं गेलं. एकाच मैदानावर दोन सार्वभौमत्वं कशी वेगवेगळी जगली जातात याचं याहून स्पष्ट उदाहरण युरोपात शोधायला जायला नको.

त्याच मैदानावर तिसरंही एक राज्य होतं. सचिन. १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात सिद्दी बाळूमियांना सुरतेजवळ मुलूख मिळाला, त्या व्यवहारात पेशवे आणि इंग्रज दोघेही होते. पेशव्यांच्या हाती जंजिरा कधीच आला नाही. सचिनचं राज्य मात्र स्वातंत्र्यापर्यंत टिकलं. म्हणजे कोकणातल्या एका किल्ल्याच्या वारसाहक्कातून दक्षिण गुजरातेत आफ्रिकी वंशाच्या घराण्याचं राज्य उभं राहतं आणि त्याचा शेजारी असतो मराठी बोलणारा गायकवाड. हा आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय नसेल तर कशाचा?

विरोधक इथे एक साधं उत्तर देतात. बडोदे, सचिन, पुणे ही सार्वभौम राष्ट्रं नव्हती, त्यामुळे त्यांच्यातले संबंध ‘आंतरराष्ट्रीय’ होत नाहीत. हे उत्तर फार पुरातन वाटतं. त्याला जन्मतारीख आहे. मणिपूर संस्थानातल्या उठावानंतर ऑगस्ट १८९१ मध्ये हिंदुस्थान सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की महाराणीचं सरकार आणि देशी संस्थानं यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागू होत नाहीत. त्या एका सरकारी कागदाने साडेपाचशेहून अधिक राज्यांचे व्यवहार ‘आंतरराष्ट्रीय’ या कक्षेतून बाहेर काढले. आणि तो कागद ज्या सरकारने काढला, त्याच सरकारच्या परराष्ट्र खात्यातले सी. यू. एचिसन तीस वर्षं आधीपासून या राज्यांशी झालेले तह, करारनामे आणि सनदा जाडजूड खंडांत संकलित करत होते. त्या मालिकेच्या नावातच ‘तह’ हा शब्द आहे. तह करायच्या वेळी समोर राज्य होतं. तह मोडायची वेळ आली तेव्हा ते उरलं नाही.

१८७५ साली बडोद्यातच हे घडलं होतं. रेसिडेंट कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपाखाली मल्हारराव गायकवाडांची चौकशी करायला सहा जणांचं मंडळ नेमलं. तीन इंग्रजांनी त्यांना दोषी धरलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. मतं समसमान पडली. सरकारने तो निकाल बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण सांगून मल्हाररावांना पदच्युत केलं. एका राज्याच्या प्रमुखावर दुसऱ्या राज्याने खटला चालवावा की नाही, चालवलाच तर कुठल्या कायद्याने, निकाल विरोधात गेल्यावर काय करायचं, हे प्रश्न आजच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयांपुढे तसेच्या तसे उभे आहेत. आपल्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात न्यूरेंबर्ग आहे. मल्हाररावांची चौकशी नाही.

मला खरं दुःख याचं आहे की १८९१ ची ती अधिसूचना इंग्रज गेल्यावर निरर्थक झाली, पण विद्यापीठांनी ती मनातून काढली नाही. स्वतंत्र भारतात हा विषय उभा राहताना त्याने भारताच्या भूमीवरचे दोनशे-तीनशे वर्षांचे राज्याराज्यांतले व्यवहार परराष्ट्रव्यवहार म्हणून वाचलेच नाहीत. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतर आणि हद्दीबाहेर, अशी विभागणी झाली.

सुरतेचा तह घ्या. मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेत करार केला: साष्टी आणि वसई द्यायची, सुरत-भडोचच्या वसुलातला वाटा द्यायचा, बदल्यात पेशवाई मिळवायला कंपनीची फौज. शाळेत आपण हे घरभेदीपणाची गोष्ट म्हणून शिकतो आणि पुढे जातो. या तहाचा खरा अभ्यास कंपनीच्या पोटात आहे. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबईच्या युद्ध-तहांवर कलकत्त्याची देखरेख आली होती. मुंबईने ती जुमानली नाही. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला, कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. आणि लंडनहून संचालकांचं पत्र आलं ते सुरतेच्या तहाला पसंती देणारं. एकाच कंपनीची तीन तोंडं तीन दिशांना. पुण्याच्या कारभाऱ्यांपुढचा प्रश्न आजच्या कुठल्याही परराष्ट्र सचिवाला ओळखीचा वाटेल: समोरच्याने दिलेला शब्द नक्की कोणाचा, आणि तो पाळायला लावण्याची ताकद कोणाकडे?

नाना फडणविसांनी या फटीचा उपयोग केला. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच पुण्यात आला, त्याला मान दिला, इंग्रजांना अस्वस्थ ठेवलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज अडकली. नंतर नानांनी पुणे, निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले अशी मोट बांधली. ती का विसकटली, भोसले का आणि कसे गळले, निजाम का थंडावला, याची उत्तरं या चौघांच्या वकिलांच्या पत्रांत पडलेली आहेत. १७ मे १७८२ ला महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला; नानांनी त्यावर मोहोर उठवायला पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारीपर्यंत वेळ घेतला, आणि मधल्या डिसेंबरात हैदर वारला. युतीतला भागीदार जिवंत असेपर्यंत सौदा खुला ठेवायचा, तो गेल्यावर बंद करायचा. युत्या कशा बनतात आणि कशा फुटतात यावर अमेरिकेत शेकडो प्रबंध झाले आहेत. त्यातली उदाहरणं बिस्मार्कची आणि दोन महायुद्धांची. सालबाईवर हा प्रश्न घेऊन बसलेला विद्यार्थी आपल्या विभागांत दुर्मीळ आहे.

‘हे काम इतिहास विभागाचं’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, थ्युसिडिडीस कोणत्या विभागात शिकवता? पेलोपोनीशियन युद्ध अडीच हजार वर्षांपूर्वीचं, तरी ते तुमच्या पहिल्या सत्रात आहे. वेस्टफेलिया १६४८ चं, व्हिएन्ना १८१५ चं. तिथे इतिहास हा सिद्धान्ताचा कच्चा माल ठरतो आणि सालबाईपाशी आलं की तो दुसऱ्या विभागाचा होतो. सार्वभौमत्वाचा आक्षेपही याच चाळणीतून जाऊ द्या. पवित्र रोमन साम्राज्य १८०६ पर्यंत अस्तित्वात होतं आणि त्याच्या आत शेकडो संस्थानं होती. तिथे सत्तेचे थर एकावर एक चढलेले होतेच. १७५९ नंतरच्या सुरतेत किल्ला कंपनीच्या ताब्यात, किल्लेदारी बादशहाच्या फर्मानाने, शहरात नवाब, आणि चौथाईच्या वसुलीला पुण्या-बडोद्याचे अधिकारी. पुढे १८०२ मध्ये गायकवाडांनी चौथाईतला आपला हिस्सा आणि चौऱ्याशी परगणा इंग्रजांना दिला. आज कामरेजला लागून असलेल्या चोऱ्यासी तालुक्याचं नाव त्याच परगण्याचं. सत्ता अशी वाटलेली, गहाण टाकलेली, भाड्याने दिलेली असते, तेव्हा राज्यं एकमेकांशी कशी वागतात, हा प्रश्न युरोपियन युनियनच्या आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या काळात जगभर विचारला जातो आहे. त्याची उत्तम प्रयोगशाळा सुरतेच्या भोवती होती.

जन्मकथेचा ॲबरिस्टविथचा भागही तपासावा लागेल. महायुद्धाने हादरलेल्या सज्जनांनी शांततेसाठी हा विषय काढला, असं सांगितलं जातं. अमेरिकेत १९१० मध्ये क्लार्क विद्यापीठातून ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’ नावाचं नियतकालिक सुरू झालं; १९१९ मध्ये त्याचं नाव ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ झालं, आणि १९२२ मध्ये ते ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये मिसळलं. रॉबर्ट विटालिस यांनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात हा धागा नीट उलगडला आहे: वंशांवर राज्य कसं करावं ही चिंता या विषयाच्या मुळाशी होती. आणि तेच १९१९ साल घ्या. त्या वर्षी ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’ या तिथल्या मुख्य नियतकालिकात विनयकुमार सरकार या बंगाली विद्वानाचा हिंदू राज्यशास्त्रातल्या परराष्ट्रसिद्धान्तावरचा लेख छापून आला. ॲबरिस्टविथला अध्यासन निघालं त्याच वर्षी एक भारतीय माणूस या विषयात लिहीत होता. आपल्या जन्मकथेत त्याला जागा नाही.

दिल्लीचं ऋण मी नाकारत नाही. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या हृदयनाथ कुंझरूंसारख्या माणसांनी सप्रू हाउस उभं केलं. ती सोसायटी गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेली. सप्रू हाउसमधलं ग्रंथालय, परदेशी भाषांचं शिक्षण, प्रदेशवार अभ्यासाची केंद्रं यांतून पिढ्या घडल्या. पण त्या प्रदेशवार अभ्यासाची रचनाच अशी होती की पश्चिम आशिया एक प्रदेश, सोव्हिएत संघ एक प्रदेश, आग्नेय आशिया एक प्रदेश, आणि भारत म्हणजे पाहणाऱ्याचं आसन. आसनाचा अभ्यास होत नाही. शिवाय नवं परराष्ट्र खातं जवळ होतं, त्याच्या गरजा तातडीच्या होत्या. सिद्धान्त मग बाहेरून घेतला गेला. स्टॅन्ली हॉफमनने १९७७ मध्ये या विषयाला अमेरिकी सामाजिक शास्त्र म्हटलं, ते आपल्याकडेही लागू पडलं.

आणि जे थोडे लोक सिद्धान्ताकडे वळले त्यांच्यातला एक महत्त्वाचा माणूस दिल्लीत नव्हता. ए. पी. राणा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात होते. अलिप्ततावादाला नेहरूंचा स्वभाव किंवा नैतिक भूमिका न मानता त्यातली व्यूहरचना तर्कशुद्धपणे मांडणारं त्यांचं पुस्तक १९७६ मध्ये आलं. सिद्धान्त घरी परत आणण्याची हाक देणारे खंड सिद्धार्थ मल्लवरपू यांच्यासोबत २००५ मध्ये संपादित करणारे कांती बाजपेयीही काही काळ बडोद्यात शिकवत होते. कामरेजहून दोन-अडीच तासांवरच्या शहरात हे काम झालं. ‘प्रांतात हा विषय नाही’ हे म्हणणं चुकीचं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांना ते तपासता आलं असतं.

आता दुसऱ्या गोटाकडे येतो, कारण अलीकडे त्याचा आवाज मोठा आहे. या मंडळींना परकेपण खुपतं, यात मी त्यांच्याबरोबर आहे. त्यांचा उपाय असा की चीनमध्ये यान श्वेतोंग, चिन याछिंग यांच्यासारखे विद्वान चिनी विचारांवर आधारलेली मांडणी करतात, तशी आपणही ‘भारतीय शाळा’ काढावी आणि तिच्या दारावर चाणक्याचं नाव लिहावं. इथे माझा विरोध ठाम आहे. र. पं. कंगले यांनी कौटिलीय अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन खंड मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ मध्ये सिद्ध केले. एकेका पाठभेदाशी झुंजून केलेलं ते काम आहे. चाणक्याच्या नावाने परिषदा भरवणाऱ्यांनी तिसरा खंड वाचला असता तर मंडल आणि षाड्गुण्य हे परराष्ट्रनीतीचे शब्द उठता-बसता वापरताना त्यांचा हात थोडा अडखळला असता. अर्थशास्त्र काय करावं ते सांगतं. कोणत्या राज्याने प्रत्यक्षात काय केलं हे सांगत नाही. आणि समुद्रावरून आलेली, व्यापार करणारी, फौज बाळगणारी कंपनी त्याच्या जगात नाही.

ती ज्याच्या जगात आहे असा एक मराठी ग्रंथ आपल्याकडे आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. १७१५-१६ च्या सुमाराचं, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने निघालेलं. शिवाजी महाराजांच्या कारभारात वाढलेला आणि औरंगजेबाची दक्षिणस्वारी झेललेला माणूस त्यात टोपीकरांबद्दल लिहितो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे सावकारी करतात, पण यांच्या पाठीशी राज्य करणारे धनी आहेत, म्हणून त्यांना इतर सावकारांसारखं मानू नये. वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी किंवा खाडीच्या मुखाशी देऊ नये, आत, आपल्या गावांच्या मधे, सखल ठिकाणी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. ही अनुभवातून निघालेली सिद्धान्ताची मांडणी आहे: व्यापारी संस्था राज्याचा हात असू शकते, आणि तिला आवरण्याचं साधन भूगोल आहे. आज बंदरांच्या दीर्घ भाडेपट्ट्यांवर आणि दूरसंचार कंपन्यांवर जगभर जो वाद चालतो त्याच्याशी हे थेट बोलतं. एस. व्ही. पुणतांबेकरांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आज्ञापत्राचं इंग्रजी भाषांतर केलं, म्हणजे इंग्रजीत नसल्याची सबबही उरत नाही.

पण मला ते पूजेसाठी नको आहे. सुरतेत बसून अमात्यांचं वाचणारा विद्यार्थी लगेच विचारील की हा सल्ला चाळीस वर्षांत का विसरला गेला. १७५६ मध्ये विजयदुर्गावर पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेतलं आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. १७७५ मध्ये रघुनाथरावांनी साष्टी-वसई, नेमका समुद्रकाठ, कागदावर देऊन टाकला. धोका ठाऊक असलेलं राज्य घरच्या वैरापोटी तो ओढवून घेतं, ते कोणत्या परिस्थितीत? या प्रश्नातून शास्त्र उभं राहील. गौरवातून ते उभं राहणार नाही.

गौरवाचा आणखी एक धोका कामरेजमध्येच कळतो. मी मराठीत लिहितो आहे, म्हणून हे मीच म्हटलं पाहिजे. १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. आपल्यासाठी ती मोगलांच्या खजिन्यावरची स्वारी, स्वराज्याची गरज. वीरजी व्होरा आणि हाजी झाहिद बेग यांच्या घरादारासाठी ती काय होती हे सुरतेच्या स्मरणात वेगळं नोंदलं गेलं आहे. सुरत अठ्ठाविशी या मुलखातली चौथाई पुण्याच्या दप्तरात हक्काची जमा आहे. कामरेज परगण्याच्या कुणब्यासाठी ती वसुली होती, आणि वसुली करणारे हात एकापेक्षा जास्त होते. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या शास्त्राला हे दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवता आले पाहिजेत. पुण्याची बाजू घेतली की ते प्रांताचं होतं, आणि सुरतेची तक्रार गाळली की ते खोटं होतं.

कागद आहेत, भरपूर आहेत. पुण्याचं पेशवे दप्तर. सरदेसायांनी १९३० च्या दशकात त्यातून काढलेले पंचेचाळीस खंड. राजवाड्यांनी १८९८ पासून छापलेली साधनं. पारसनिसांनी प्रसिद्ध केलेली दिल्लीच्या मराठी वकिलांची पत्रं. बडोदे सरकारने आपल्या दप्तरातून काढलेल्या ऐतिहासिक वेच्यांची मालिका. वकील कुठल्या दरबारी काय ऐकतो, काय लपवतो, धन्याला खूश करायला काय फुगवतो, हे या पत्रांत उघडं पडतं. पण यातलं बरंच मोडीत आहे. परराष्ट्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोडी येत नाही आणि मोडी येणाऱ्याला या शास्त्राचा सिद्धान्तकार केनेथ वॉल्ट्झ कोण हे सांगितलेलं नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला रशियन किंवा चिनी शिकायला लावणारी विद्यापीठं त्याला सहा महिने मोडी आणि फारसी शिकवू शकतात. पुण्यात आणि बडोद्यात ते पुढच्या वर्षी सुरू होऊ शकतं, त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

भाषेचा आक्षेप यापुढे येतो: मराठीत, गुजरातीत हा विषय पेलणार नाही, वाचक नाही. मराठी वाचकाने हे आधीच खोडून काढलं आहे. गोविंद तळवलकरांची सोव्हिएत साम्राज्यावरची पुस्तकं, वि. ग. कानिटकरांचं व्हिएतनाम आणि इस्रायल, वि. स. वाळिंब्यांचं महायुद्ध, ही पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत कव्हर फाटेपर्यंत फिरली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत पंचशील आणि तिबेटवर केलेली टीका मराठीत आजही वाचली जाते. परराष्ट्रधोरणाच्या वर्गात ती क्वचित पोचते. वाचक होता, लेखक होते, विद्यापीठं त्यांच्याकडे वळली नाहीत. आता मराठीत या विषयावर जे दिसतं त्यात मोठा भाग स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांचा आहे.

याची किंमत कोण मोजतं? जगातले बहुतेक हिरे सुरतेच्या परिसरात घासले जातात. १ जानेवारी २०२४ पासून जी-सात देशांनी रशियन हिऱ्यांची थेट आयात बंद केली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. रफ, म्हणजे कच्चा हिरा, महागली किंवा मिळेनाशी झाली, तयार माल पडून राहिला की कारखान्याला सुट्टी लागते आणि हिरे घासायच्या घंटीवर बसणारा रत्नकलाकार घरी बसतो. त्याच्या हप्त्याचा निर्णय ब्रसेल्स आणि वॉशिंग्टनमध्ये झालेला असतो. युक्रेनचं युद्ध आणि कामरेजच्या भाड्याच्या खोलीतली चूल यांच्यातला संबंध त्याला त्याच्या भाषेत उलगडून सांगणारा माणूस तालुक्याच्या महाविद्यालयात नाही. तिथला राज्यशास्त्राचा प्राध्यापक हुशार असतो. त्याला दिलेल्या पुस्तकात मात्र शीतयुद्धाच्या व्याख्या असतात. याच भागातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, जपानच्या पन्नास वर्षांच्या कर्जावर. त्या कर्जाच्या अटींचा अभ्यास जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलीने करावा, असं मला मनापासून वाटतं, आणि तिला ते सुरतेतच करता यावं.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत भावनिक आहे, म्हणून त्याला बगल देणार नाही. काही जण म्हणतात, पुणे आणि बडोदे, बडोदे आणि सचिन यांच्यातल्या व्यवहाराला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणालात तर भारत एक राष्ट्र नव्हता असं कबूल केल्यासारखं होईल. ही भीती सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांच्या कामाचा अवमान करते. जुलै १९४७ मध्ये संस्थान खातं उघडलं गेलं आणि दोन-अडीच वर्षांत साडेपाचशेहून अधिक राज्यांशी वाटाघाटी झाल्या: सामीलनामे, जैसे थे करार, तनख्यांच्या अटी, विलीनीकरणाचे करार. धमकी होती, मन वळवणं होतं, शेजाऱ्याला एकटं पाडणं होतं, जुनागढला सार्वमत होतं, हैदराबादला फौज होती. विसाव्या शतकातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या राजनैतिक कामांपैकी हे एक. ते राज्याराज्यांतलं काम होतं, म्हणून ते मोठं होतं. आधीपासून सगळं एकच असतं तर मेनन यांना विमानाने संस्थानोसंस्थानी फिरावं लागलं नसतं. आपले परराष्ट्रशास्त्राचे विभाग जर्मनीचं १९९० चं एकीकरण शिकवतात. प्रतापसिंहराव गायकवाडांचं बडोदे मुंबई राज्यात कोणत्या अटींवर आलं, ते विद्यार्थ्याला विचारत नाहीत. तो करार छापलेला आहे. १ मे १९४९ ला त्याची अंमलबजावणी झाली, नवसारी प्रांत मोडला आणि कामरेज महाल सुरत जिल्ह्याचा तालुका झाला. येत्या सत्रात सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाने, पुण्याने आणि मुंबईने हा एक करार, त्याच्या आधीची १८९१ ची अधिसूचना आणि त्याआधीचा १७७५ चा तह, असे तीन कागद परराष्ट्रसंबंधांच्या पहिल्या पेपरात लावावेत.